कामगारांच्या व्यायामशाळेच्या समितीवर नाव आलंय? मग सुरुवात इथून करा

नोटीस बोर्डावर व्यायामशाळा समितीची नवी यादी लागते, त्यात आपलं नाव दिसतं आणि दुसऱ्या दिवसापासून लोक विचारायला लागतात. ट्रेडमिल कधी दुरुस्त होणार, वर्गणी कमी होईल का, माझ्या भाच्याला आत घेता का. मानधन नाही, ड्युटीतून सूट नाही आणि नेमकं काय करायचं हे सांगायला कोणी नाही. हा लेख अशा नव्या सदस्यांसाठी आहे. तुम्ही वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) कोळशाच्या खाणपट्ट्यात असाल, कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर किंवा पारसच्या वीज केंद्रात असाल, गडचांदूरकडच्या सिमेंट कारखान्यात, बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये, भद्रावती किंवा जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत असाल, नाहीतर एखाद्या तालुक्याच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यात. जागा बदलली तरी प्रश्न बरेचसे तेच येतात.

मी अशा एका समितीवर आधी सदस्य आणि मग सचिव म्हणून काम केलं आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे: समितीने व्यायामशाळेत येणाऱ्यांच्या आधी न येणाऱ्यांचा विचार करावा. येणारे आपली तक्रार स्वतः घेऊन येतात. न येणाऱ्याचं म्हणणं बैठकीत मांडणारं समितीशिवाय कोणीच नसतं.

आधी कागद मागा

पहिल्या आठवड्यात यंत्रांकडे बघू नका, कपाट उघडायला सांगा. ही व्यायामशाळा कागदोपत्री कोणाची आहे, हे सगळ्यात आधी कळायला हवं. काही ठिकाणी इमारत, यंत्रं, वीज सगळं कंपनीचं असतं आणि समिती फक्त सल्ला देते. काही ठिकाणी कर्मचाऱ्यांचा क्लब १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेला असतो आणि महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही येते. तिथे तुमच्यावर विश्वस्ताची जबाबदारी असते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करायचा, दरवर्षी हिशेबाचं ऑडिट करून घ्यायचं. चेंज रिपोर्ट राहिला की जुने पदाधिकारी कागदावर तसेच राहतात आणि बँकेत नव्या सह्या लावताना त्रास सुरू होतो.

तिसरा प्रकार म्हणजे ना नोंदणी ना आदेश, कुण्या एका साहेबांनी सांगितलं म्हणून चालू आहे. तिथे तुमचा पहिला ठराव हाच असू द्या की इमारत कोणाची, वीजबिल कोण भरतं आणि अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, हे व्यवस्थापनाने लेखी द्यावं. १९४८ च्या कारखाना कायद्यात कँटीन, विश्रांतीची खोली, पाळणाघर, कल्याण अधिकारी या सगळ्यांची तरतूद होती. व्यायामशाळेची नव्हती. ती व्यवस्थापनाच्या इच्छेवर चालते, आणि साहेब बदलून गेले की लेखी कागद तेवढा कामी येतो.

कपाटातून काढून घ्यायच्या गोष्टी: घटना किंवा नियमावली, मागच्या दोन-तीन वर्षांचं प्रोसिडिंग बुक (बैठकांच्या नोंदींची वही), पासबुक, ऑडिट, डेड स्टॉक रजिस्टर (यंत्रं, फर्निचर अशा टिकाऊ साहित्याची नोंदवही), यंत्रांच्या देखभालीचा करार, विमा पॉलिसी आणि प्रशिक्षकाचा करार. यातलं जे सापडणार नाही त्याची यादी करून पहिल्याच बैठकीत नोंदवा. आज नोंद नाही केली तर उद्या ते हरवल्याचं बालंट तुमच्यावर येईल.

मग जाऊन बसा

पुढचे काही दिवस व्यायामशाळेत नुसतं बसा. एकदा पहाटे, एकदा दुपारी पाळी सुटल्यावर, एकदा रात्री. सूचना करू नका, कोणाला टोकू नका. हजेरीचं रजिस्टर घ्या आणि खात्यांप्रमाणे नावं वेगळी काढा. चित्र बहुतेक असं निघतं: कार्यालयातली तरुण मंडळी, कॉलनीत राहणारे काही अधिकारी आणि अंग कमावणारी आठ-दहा पोरं. क्रशरवरचा हेल्पर, पन्नाशीतला ऑपरेटर, कँटीनच्या बाया, कंत्राटी सफाई कामगार यांचं नाव शोधून सापडत नाही.

ज्यांचं नाव नाही त्यांच्याकडे जाऊन विचारा. कार्यालयात बोलावून विचारलं तर "येऊ साहेब" एवढंच उत्तर मिळेल. चहाच्या टपरीवर, बसच्या थांब्यावर विचारलं की खरं कारण कळतं. "कायले येऊ जी तिथं? पोट्टे हासतेत." "बस सुटली त घरी कसा जाऊ?" "आमच्या पासवर थो गेटच लागत नाही." हे बोलणं शब्दशः वहीत लिहून ठेवा, कारण बैठकीत ते "कामगारांमध्ये उत्साहाचा अभाव" होऊन जातं आणि मग कुणालाच काही करावं लागत नाही.

बसचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. खेड्यातून येणारा कामगार कंपनीच्या बसने येतो आणि पाळी सुटल्यावर थोड्याच वेळात ती बस निघते. व्यायामशाळा पाळीनंतर उघडी ठेवून त्याला काहीच उपयोग नाही. म्हणजे सगळ्यांच्या नावावर चाललेली सोय प्रत्यक्षात कॉलनीत राहणाऱ्यांची झाली. यावर उपाय निघतात. व्यवस्थापनाशी बोलून आठवड्यातून दोन दिवस एक बस उशिरा सोडता येते. खात्याच्या विश्रांतीच्या खोलीत दोन-चार डंबेल आणि चटई ठेवता येते. ज्या गावातून जास्त कामगार येतात तिथल्या जुन्या आखाड्याला किंवा शाळेच्या मैदानाला समितीच्या पैशातून डबल बार देता येतो. शेवटचा उपाय मला सगळ्यात आवडतो. व्यायाम कंपनीच्या कुंपणाच्या आतच झाला पाहिजे, असा आग्रह कशासाठी?

कंत्राटी कामगारांबद्दल समितीने उघड भूमिका घ्यावी. नियमात "कर्मचारी" असा शब्द असतो आणि त्याचा अर्थ सोयीने कायम कामगार असा लावला जातो. धुळीत, उन्हात, ओझं उचलून जास्तीत जास्त कष्ट करणारा माणूस बहुतेक कंत्राटीच असतो. त्याला प्रवेश द्यायचा की नाही हे समितीच्या अधिकारात नसेल, तर तसा ठराव करून व्यवस्थापनाकडे पाठवा आणि लेखी उत्तर मागा. नकार आला तरी तो कागदावर येऊ द्या.

तुमचं काम कुठे संपतं

नव्या सदस्याला हुरूप असतो आणि तो प्रशिक्षकाचं काम स्वतःच करायला लागतो. हे टाळा. समितीने वेळा, वर्गणी, खरेदी, नियम आणि प्रशिक्षकाची नेमणूक ठरवावी. कोणी किती वजन उचलावं हे प्रशिक्षकाने सांगावं. प्रशिक्षकाला काही सांगायचं असेल तर ते एकट्या सचिवाने सांगावं. सात सदस्यांनी सात हुकूम सोडले की चांगला माणूस नोकरी सोडून जातो.

प्रशिक्षक निवडताना दंडाचं माप बघू नका. शारीरिक शिक्षणाची पदवी किंवा मान्यताप्राप्त प्रमाणपत्र, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आणि वयस्क माणसाशी बोलण्याची रीत, या तीन गोष्टी बघा. विदर्भात अशा माणसांचा तुटवडा नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालू आहे, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे देशी खेळ करून दाखवले होते. तिथून शिकून निघालेली मुलं-मुली गावोगावी आहेत. मुलाखतीत एकच प्रश्न विचारला तरी माणूस कळतो: "बावन्न वर्षांचे काकाजी पहिल्या दिवशी आले, गुडघा दुखतो म्हणतात. काय कराल?" जो लगेच व्यायाम सांगायला लागतो त्याच्यापेक्षा आधी चार प्रश्न विचारणारा घ्या.

सदस्याने वर्गणी भरावीच. रांगेत थांबावं. आपल्या मेहुण्याचं साहित्याचं दुकान असेल तर ते बैठकीत आधी सांगावं, त्या विषयावेळी बाहेर जावं आणि बाहेर गेल्याची नोंद प्रोसिडिंगमध्ये करून घ्यावी. छोट्या गावात सगळे एकमेकांचे पाहुणे असतात, त्यात गैर काही नाही. ते लपवलं की संशय सुरू होतो.

तब्येतीची बाजू

इथे घाई करू नका. समितीची सगळ्यात मोठी जबाबदारी इथेच आहे.

सुरुवात प्रवेश अर्जापासून. अर्जाला एक पानाची प्रश्नावली जोडा, मराठीत आणि गरज असेल तर हिंदीत: हृदयविकार किंवा रक्तदाब आहे का, छातीत दुखतं का, चक्कर येऊन तोल जातो का, सांध्याचा किंवा हाडाचा त्रास आहे का, कोणती औषधं चालू आहेत. एकाही प्रश्नाला "हो" आलं तर कंपनीच्या दवाखान्यातल्या किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणल्यावरच सुरुवात. चाळिशीच्या पुढे सगळ्यांचा रक्तदाब मोजून घ्या. किती रक्तदाबाला व्यायाम थांबवायचा, हा आकडा समितीने ठरवू नये, डॉक्टरांकडून लेखी घ्यावा.

हे अर्ज कुलपात ठेवा. समितीला कळायला हवं ते इतकंच की अमुक माणसाला डॉक्टरांची परवानगी आहे की नाही. आजाराचं नाव सदस्यांनाही कळू नये आणि फोरमनला तर अजिबात नाही. आपल्याला साखर आहे, फिट येते हे साहेबाला कळलं तर ओव्हरटाइम जाईल, क्रेनवरून खाली उतरवतील ही भीती खरी असते. ती भीती असेपर्यंत अर्जात सगळे "नाही"च लिहितात, आणि मग त्या अर्जाचा काही अर्थ राहत नाही.

विदर्भातल्या व्यायामशाळेने एक प्रश्न आवर्जून विचारायला हवा, तो म्हणजे सिकलसेल, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्याकडे, त्यातही पूर्व विदर्भात, हा आजार बऱ्याच घरांत आहे. लोक "पॅटर्न" म्हणतात: एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे ग्रस्त. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते, त्यामुळे तरुण कामगारांपैकी अनेकांना आपला पॅटर्न माहीत असतो. वाहक माणूस एरवी ठणठणीत असतो आणि त्याने व्यायाम जरूर करावा. पण भर उन्हात, पाणी न पिता, एकदम जोरकस श्रम केले तर वाहकाच्याही स्नायूंना आणि मूत्रपिंडांना गंभीर इजा होऊ शकते, क्वचित जीवही जातो. म्हणून प्रशिक्षकाला चार गोष्टी पक्क्या माहीत हव्यात: वेग हळूहळू वाढवायचा, मध्ये विसावा द्यायचा, पाणी प्यायला लावायचं, आणि पायात गोळे आले, अंगातली ताकद एकाएकी गेली, धाप थांबेना, तर "अजून दोन मार" न म्हणता तिथल्या तिथे थांबवून दवाखान्यात न्यायचं. एसएस असलेल्याने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच यावं. आणि पॅटर्नवरून कोणाला हिणवलं किंवा प्रवेश नाकारला तर समितीने ती गंभीर तक्रार मानावी. सिकलसेलवरून सोयरिकी मोडलेल्या आपण पाहिल्या आहेत, इथे तरी माणसाला ते लपवायची पाळी येऊ नये.

दुसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमधली व्यायामशाळा दुपारी भट्टीसारखी तापते. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत सकाळी १० ते संध्याकाळी ६ व्यायामशाळा बंद ठेवण्याचा ठराव करा. लोक कुरकुर करतील, करू द्या. अंगाला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे रजेवरून परतलेल्या किंवा नव्याने आलेल्या माणसाला पहिला आठवडा हलकाच व्यायाम द्या. प्यायचं थंड पाणी आत हवं, ओआरएसची पाकिटं हवीत. भट्टीजवळ, बॉयलरवर किंवा खाणीत आठ तास घाम गाळलेल्याला लगेच जड वजन देऊ नका. त्याच्यासाठी हातपाय ताणण्याचा, कमरेचा आणि श्वासाचा अर्ध्या तासाचा क्रम वेगळा बसवा. रात्रपाळी करून आलेल्यालाही हेच लागू, कारण झोप न झालेल्या माणसाचा तोल आणि अंदाज दोन्ही चुकतात.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम अशी आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. ही गोष्ट फलकावर मोठ्या अक्षरात लिहा. रोज दीड तास घाम गाळल्याशिवाय काही होत नाही या समजुतीने पन्नाशीतली माणसं दारातूनच परत जातात.

आता जीवघेण्या प्रसंगाची तयारी. खेड्यातल्या कारखान्यापासून मोठं रुग्णालय लांब असतं, म्हणून पहिली काही मिनिटं आपल्याच हातात असतात. प्रशिक्षक आणि प्रत्येक पाळीतले किमान दोन नियमित सभासद यांना सीपीआर आलं पाहिजे: माणूस बेशुद्ध आहे, नीट श्वास घेत नाही, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाब द्यायचा आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही. दुसऱ्याने त्याच वेळी कंपनीच्या रुग्णवाहिकेला किंवा १०८ ला फोन करायचा. तिसऱ्याने गेटवर पळायचं. हे तिसरं काम लोक विसरतात. रुग्णवाहिका गेटवर आली आणि सुरक्षा रक्षक पास मागत बसला, तर वर सांगितलेलं सगळं वाया. सुरक्षा विभागाला आधीच लेखी कळवा आणि वर्षातून दोनदा खरोखर सराव करा, त्यातला एक रात्रीच्या वेळी. कंपनीकडून एईडी (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं) यंत्र मिळवता आलं तर ट्रेडमिलच्या आधी ते मागा.

पावडरचा विषय पहिल्याच बैठकीत संपवा. प्रशिक्षकाने किंवा कोणाही सभासदाने आत प्रोटीनचे डबे, गोळ्या, इंजेक्शन विकायची नाहीत, आणि ही अट त्याच्या करारातच घाला. मेफेंटरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणायचं औषध आहे. ते दम टिकावा म्हणून जिममध्ये टोचून घेणारी पोरं महाराष्ट्रात सापडली आहेत. कचऱ्याच्या डब्यात सिरिंज दिसली तर सफाईवाल्या बाईंनी कोणाला सांगायचं, हे त्यांना माहीत असू द्या.

यंत्रं, वीज आणि धूळ

खरेदीला निघालात की प्रत्येक जण ट्रेडमिल म्हणेल. माझा सल्ला उलटा आहे: आधी डंबेल, रबरी चटया, दोन-तीन साध्या सायकली, डबल बार, पुल-अपचा बार, आणि ट्रेडमिल सगळ्यात शेवटी. विजेचा दाब वरखाली होतो, कोळशाची किंवा सिमेंटची बारीक धूळ मोटरच्या झाकणाखाली बसते, आणि मेकॅनिक नागपूरहून यायचा असतो. बिघडलेली ट्रेडमिल महिनोन् महिने कोपरा अडवते आणि समितीची अब्रू घालवते. घ्यायचीच असेल तर विक्रेत्याला लेखी विचारा: मेकॅनिक कुठे राहतो, फोन केल्यावर किती दिवसांत येतो, सुटे भाग किती वर्षं मिळतील. उत्तर नसेल तर ती कितीही स्वस्त असली तरी सोडा.

बसवताना स्वतंत्र वायरिंग, अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर कंपनीच्याच इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. ट्रेडमिलच्या मागे किमान २ मीटर मोकळी जागा हवी, भिंत नको. पडणारा माणूस मागेच फेकला जातो. लाल सेफ्टी क्लिप दोरीसकट जागेवर आहे ना, ती कपड्याला लावायची सवय लोकांना आहे ना, हे बघा.

दर आठवड्याला तपासणीचं रजिस्टर भरायचं: दोरखंडाच्या तारा सुटल्या का, बोल्ट सैल आहेत का, बाकाचं वेल्डिंग, वजनाच्या कॉलर. शंका आली की "बंद" ची पाटी लावायची आणि ती काढायचा अधिकार एकट्या प्रशिक्षकाचा. पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये तपासणी दुप्पट करा. कूलर उन्हाळ्यात चांगला, पाऊस लागल्यावर मात्र तो आत दमटपणाच वाढवतो. टाकीतलं पाणी काढून टाका, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होते. त्या दिवसांत पंखे आणि उघड्या खिडक्याच बऱ्या.

बायांची वेळ

"महिलांसाठी सकाळी ११ ते १२ राखीव" अशी पाटी मी खूप ठिकाणी पाहिली. त्या वेळेला कार्यालयातली क्लार्क टेबलावर असते, नर्स ड्युटीवर, कँटीनची बाई भाकऱ्या थापत असते. वेळ कोणाला विचारून ठरवली? आधी त्यांनाच विचारा. समितीवर किमान दोन महिला सदस्य घ्या, एकटीला बोलायला जड जातं. त्यांच्या वेळेत महिला प्रशिक्षक हवी, पूर्ण वेळ परवडत नसेल तर आठवड्यातून तीन दिवस. कपडे बदलायची खोली आतून कडी लागणारी हवी. मोबाइलवर फोटो, व्हिडिओ काढायला सगळ्यांनाच बंदी, हौसेने आरशासमोर काढायलाही. मागे कोण उभं आहे हे फोटो काढणाऱ्याला दिसत नाही.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा व्यायामशाळेलाही लागू होतो आणि त्याचं संरक्षण कंत्राटी महिलांनाही आहे. १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते. व्यायामशाळा समितीने अशी तक्रार "आपसात मिटवायला" घेऊ नये, दडपू नये, तक्रार करणारीला अंतर्गत समितीपर्यंत जायला मदत करावी. त्या समितीच्या अध्यक्ष बाईंचं नाव आणि फोन आत भिंतीवर लावून ठेवा.

पैसा

पगारातून वर्गणी कापायची तर प्रत्येकाची लेखी संमती घ्या, आणि संमती मागे घेण्याची सोयही ठेवा. खात्यावर दोन सह्या. रोख रक्कम हातात ठेवू नका. मोठ्या खरेदीला तीन कोटेशन घ्या, आणि सगळ्यात स्वस्त नाकारलं तर का नाकारलं ते लिहा. दरवर्षी थोडी रक्कम यंत्रं बदलण्यासाठी वेगळी टाका. महिन्याचा जमाखर्च एका पानावर करून फलकावर लावला की निम्म्या शंका तिथेच मिटतात. वर्गणी सगळ्यांना सारखी ठेवू नका, हेल्परला आणि अधिकाऱ्याला एकच आकडा लावणं बरोबर नाही.

बैठका

महिन्याला एक बैठक, विषयपत्रिका आधी, कोरम नसेल तर निर्णय नाही. प्रत्येक निर्णयापुढे काम कोणाचं आणि कोणत्या तारखेपर्यंत हे लिहा. पहिला विषय कायम एकच ठेवा: या महिन्यात नवीन कोण आलं आणि कोण यायचं बंद झालं. यायचं बंद झालेल्यांपैकी दोघांना सदस्यांनी भेटून यावं. दोन युनियन असतील तर तक्रारपेटी उघडताना दोन्हीकडचा एकेक माणूस समोर ठेवा. निवडणुकीच्या दिवसांत कोणाचाही बॅनर आत लागू देऊ नका, व्यवस्थापनाचाही.

शेतीचा हंगाम लक्षात घ्या

आपला कामगार निम्मा शेतकरी आहे. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे धानाची रोवणी (लावणी) लागली की, इकडे वऱ्हाडात सोयाबीन सोंगायला आलं किंवा कापसाचा वेचा सुरू झाला की हजेरी कोसळते. पोळ्याच्या आठवड्यातही तेच. नवा सदस्य घाबरतो आणि प्रशिक्षकाला जाब विचारतो. त्याची गरज नाही. दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्याला संध्याकाळी वजन उचलायला लावणं हा अन्यायच होईल. त्या दिवसांत कमरेची काळजी कशी घ्यायची, ओझं उचलताना गुडघ्यातून कसं वाकायचं, याचा एक छोटा वर्ग घ्या, आणि हंगामात न आलेल्यांची वर्गणी पुढे धरा. नवे सभासद जोडायची मोहीम रब्बीची पेरणी आटोपल्यावर, थंडीत काढा. पहाटे यायला माणूस तेव्हा तयार असतो, आणि ऊन तापायच्या आत त्याला तीन महिने मिळतात.

सोपवताना

मुदत संपायच्या दोन महिने आधी डेड स्टॉकची मोजणी करा, रजिस्टर आणि प्रत्यक्ष वस्तू जुळवा. तुटलेलं साहित्य ठराव करून निर्लेखित करा, म्हणजे रजिस्टरमधून कमी करा. पासबुक, चेकबुक, करार, चाव्या, विमा, आरोग्य अर्जांच्या कपाटाची किल्ली, सगळ्याची दोन प्रतींत यादी करा, दोन्ही समित्यांच्या सह्या घ्या. सोबत तुमची ती वही द्या, ज्यात बसच्या थांब्यावर आणि टपरीवर ऐकलेली कारणं लिहिली आहेत. त्यातली कोणती दूर झाली आणि कोणती अजून बाकी आहेत, यावर खूण करून द्या. नव्या समितीबरोबरच्या पहिल्या बैठकीला तुम्ही स्वतः हजर राहा आणि बाकी राहिलेल्यांपासून सुरुवात करा.